मुका

तो कामावरून परतला तेव्हा कुत्रा कोपऱ्यात उभा होता. नाक भिंतीला टेकलेलं, शेपूट मागच्या पायांत आवळलेलं आणि तोंडात लाल रबरी कडं. एरवी किल्ली कुलपात फिरायच्या आत तो दाराशी येऊन स्वतःभोवती गिरक्या घ्यायचा. आज हाक मारली तरी कान हलला नाही. हनुवटीखालून लाळेची तार लोंबत होती आणि फरशीवर तिचं छोटं थारोळं साचलं होतं. वडिलांच्या पलंगाशी स्टूल ओढून आई मटार सोलत बसली होती. "हा कधीपासून असा उभा आहे?" त्याने विचारलं. "असेल मघापासून. खेळतोय," आई म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून?" "आता कुत्र्याने कुणीकडे तोंड करून खेळावं तेही मीच शिकवू का?" तो हसला. गुडघ्यावर बसून त्याने कडं धरलं आणि हळूच ओढलं. ते सुटेना. कुत्र्याचा जबडा पकडीसारखा मिटला होता, पण तो चावत नव्हता. रबरावर दाताची एकही खूण नव्हती. दुसऱ्याने कोंबलेली वस्तू सांभाळावी तसं ते त्याने तोंडात सांभाळलं होतं. त्याची पाठ थरथरत होती, एकसारखी, पाणी उकळायच्या आधी भांडं थरथरतं तशी. मागे मटारच्या शेंगा टचटच फुटत होत्या. त्याला काय वाटलं ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. घरात आपण चुकीच्या वेळी शिरलो, एवढंच वाटलं. पण घर तर त्याचंच होतं, आणि वेळही रोजचीच.

तो कवळ्या करायचा. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत दिवसभर प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेण आणि पॉलिशच्या मोटरची घरघर. बिल्डिंगमधली माणसं त्याला कवळीवालाच म्हणत आणि त्याच्यासमोर हसताना तोंडावर हात धरत. लग्न त्याने केलं नव्हतं. का नाही केलं, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, दुसऱ्यांचे दात मोजण्यात वय गेलं. आणि लोक हसले की विषय संपायचा. वडिलांना झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक 'अं' तेवढा उरला, तोच सगळ्याला: भूक लागली तरी 'अं', लघवीला लागली तरी 'अं'. दिवसभर आई एकटी त्यांच्याजवळ असते, तिला सोबत होईल, म्हणून तो शेल्टरमधून कुत्रा घेऊन आला. तो कधीच भुंकत नाही म्हणून शेल्टरच्या लोकांनी त्याचं नाव मुका ठेवलं होतं. आई ते ऐकून पदरात तोंड लपवून हसली होती. "हे काय नाव? चारचौघांत हाक कशी मारायची? मुका, ये, म्हणून?" ती अशी मोकळी हसलेली त्याने कितीतरी वर्षांनी पाहिली होती. केवळ तेवढ्यासाठी त्याने कुत्र्याचं नाव बदललं नाही; हाक मारता मारता त्याचं 'मुक्या' झालं, एवढंच.

त्या कोपऱ्याने त्याची पाठ सोडली नाही. त्याने दुकानातून आणखी खेळणी आणली: एक चेंडू, कापडाचं हाड, दाबलं की चीं करणारं पिवळं बदक. मुक्या कशाशीच खेळला नाही. चेंडू फेकला की तो चेंडूकडे न बघता फेकणाऱ्याच्या खांद्याकडे बघायचा. जमिनीवरच्या खेळण्यांना वळसा घालून जायचा, झोपलेलं मूल चुकवून जावं तसा. पण अधूनमधून संध्याकाळी तो घरी आला की कुत्रा कोपऱ्यात असायचा, तोंडात कडं नाहीतर चेंडू, जे तोंड पुरतं भरेल ते. एकदा त्याच्या तोंडात बदक होतं. दार उघडल्याच्या आवाजाने जबडा दचकला आणि बदक चीं करून ओरडलं. मुक्याने ते असं टाकलं की जणू तोंडात निखारा होता. तिथेच मुतला, पोटावर सरपटत पलंगाखाली गेला आणि कडं शोधून परत कोपऱ्यात येऊन उभा राहिला. आपल्या तोंडातून आवाज निघाला या गोष्टीची त्याला इतकी भीती वाटली होती.

शेवटी तो शेल्टरमध्ये गेला. तिथल्या बाई एका पिल्लाच्या कानातल्या गोचड्या काढत होत्या. त्याने सांगितलं ते त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं. "अजून करतो होय?" त्या म्हणाल्या, "मला वाटलं, सुटलं असेल." मग त्यांनी सांगितलं. आधीच्या घरातला माणूस बायकोला मारायचा. कुत्रा भुंकायचा, भुंकला की शेजारी दार वाजवायचे. म्हणून मारायच्या आधी तो कुत्र्याच्या तोंडात रबरी चेंडू कोंबायचा आणि वरून फडकं बांधायचा. एकदा चेंडू जाईना तर लाथ घातली. पुढचा सुळा तुटलाय तो त्यातच. पुढे पुढे फडकं लागेना. कुत्रा आपणहून खेळणं उचलायचा आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. "आणि ती बाई?" त्याने विचारलं. "ती गेली." "कुठे?" बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "गेली म्हणजे गेली हो. हा भुंकला नाही, शेजाऱ्यांना कळलं नाही. दार फोडलं तेव्हा हा तसाच उभा होता. तोंडातून चेंडू काढायला दोन माणसं लागली." पिल्लू कुईं कुईं करत होतं. त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे कुणाचा आवाज चढतो का घरात?" तो घाईने म्हणाला, "छे. आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही."

खरं तर त्या घरात कधीच कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. वडील पोहायला शिकवत. अर्धं शहर त्यांना मास्तर म्हणायचं. पाण्याला भिणारी पोरं ते पोटाखाली हात धरून तरंगवत आणि त्यांच्या आया काठावर उभ्या राहून म्हणत, काय माया आहे हो माणसाला. घरी ते दार लावून घेत. मारताना त्यांच्या तोंडून शिवी निघत नसे. "इकडे बघ," एवढंच म्हणत. आईने बघितलं नाही तर बघेपर्यंत मारत, आणि बघितलं तर, काय बघतेस, म्हणून. कधी तिला बाथरूममध्ये नेत आणि बादलीत तिचं डोकं दाबून धरत, पोरांना तलावात धरायचे त्याच हाताने, त्याच शांतपणे. तो बाहेर दाराला पाठ लावून बसायचा आणि तिच्याबरोबर आपलाही श्वास धरायचा. त्याला वाटायचं, आपण सोडला तर ती मरेल. छाती फुटायला यायची, डोळ्यांपुढे पिवळे ठिपके नाचायचे, आणि मग आतून तिचा तो घरघरता श्वास ऐकू यायचा, फाटक्या कापडासारखा. थोड्या वेळाने ती केस पुसत बाहेर येऊन विचारायची, "अभ्यास झाला का रे?" तो म्हणायचा, झाला. आजही कुणाच्या जबड्याचा ठसा हातात घेतला की तो नकळत श्वास धरतो. आपले हात वडिलांसारखे आहेत, हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीच दिसलं होतं. रुंद पंजा, अंगठा मागे वळणारा. ते हात कुणाच्या घरात न्यायचे नाहीत असं त्याने कधी ठरवलं नव्हतं, पण नेले नाहीत.

त्यामुळे पहिला संशय त्याला स्वतःचाच आला. त्याने चाचपून पाहिलं: मुद्दाम दार आपटलं, हात उगारला, मुठी वळल्या. मुक्या शेपूट हलवत बघत राहिला. मग वाटलं, कुत्र्याला वडिलांचा वास येत असेल, त्यांच्या हातातला जुना वास. पण मुक्या तर दुपारी वडिलांच्या पलंगाखालीच झोपायचा, आणि त्यांचा मेलेला उजवा हात चादरीबाहेर लोंबत असला की तो चाटायचा, बोटांच्या बेचक्यांतून, मन लावून. ते बघून त्याला किळस यायची. कुत्र्याला त्या हातापासून हाकलून द्यावंसं वाटायचं. तो हात काय आहे हे त्या जनावराला कुणी सांगितलं नव्हतं. राहिलं कोण, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. काही प्रश्न माणूस तोंडाशी येऊ देत नाही.

एके दिवशी पॉलिशच्या मोटरची वायर जळली, आणि तो दुपारीच घरी आला. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज आला, रोजचाच, भाजी कशी करू विचारावी तसा. "दुखलं का तुला?" ती म्हणत होती. त्याचा पाय उंबऱ्यावरच थांबला. त्याला अडवलं ते 'तुला' या शब्दाने. आई वडिलांना अहो म्हणायची. त्यांच्या पाठीमागे 'हे', आजारपणात 'ह्यांना'. बादलीतून बाहेर आल्यावरसुद्धा ती म्हणाली होती, अहो, पोरगा बाहेर आहे. "दुखलं तर सांग ना. सांग कुणाला तरी," ती म्हणाली आणि मग तो आवाज आला, बोथट, लाकडाचा हाडावर. त्याने फटीतून पाहिलं. ती स्टुलावर बसली होती. हातात केसांचा ब्रश होता, जुना, जड लाकडी पाठीचा. त्या पाठीने ती त्यांना मारत होती, डाव्या बाजूला. डाव्याच, कारण उजवीला काही कळत नाही. खांदा, दंड, बरगडी, मांडी. एकदा मारलेल्या जागी लगेच पुन्हा नाही, घाई नाही, मध्ये थोडं थांबून, लाटणं ओट्यावर ठेवून घाम पुसावा तशी. वडिलांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून 'अं' येत होता, अगदी बारीक. डोळे छताकडे. "इकडे बघ," आई म्हणाली. मग ब्रश उलटा करून तिने त्यांचे केस विंचरले. भांग पाडला. मास्तरांना किती टापटीप ठेवता हो तुम्ही, असं येणारं-जाणारं प्रत्येक जण म्हणायचं. कोपऱ्यात मुक्या उभा होता, पाठमोरा, तोंडात कडं.

आत जाऊन तिचा हात धरायला चार पावलं पुरली असती. त्याने दार पुन्हा होतं तसं लोटलं, चपलांचा आवाज होणार नाही असा जिना उतरला आणि रस्त्याला लागला. ऊन कडक होतं. एका दुकानाच्या काचेत त्याला आपला चेहरा दिसला आणि तो क्षणभर ओळखू आला नाही, कारण तो हसत होता. पोटात काहीतरी उबदार पसरलं होतं, थंडीत गरम पाण्यात पाय सोडल्यासारखं. त्याला भूक लागली, लहानपणी लागायची तशी सणसणीत. दवाखान्यात जाऊन त्याने डबा चाटूनपुसून खाल्ला. मोटर दुरुस्त करणारा म्हणाला, "आज खुशीत दिसताय." तो म्हणाला, "हो, घरी सगळं बरं आहे." त्यानंतर तो संध्याकाळी मुद्दाम उशिरा निघू लागला. आईला पुरेसा वेळ मिळावा, असं त्याने मनातसुद्धा म्हटलं नाही, पण पाय रेंगाळायचे. सुट्टीच्या दिवशी वडिलांना अंघोळ तोच घालायचा. आधी अंगावरचे डाग दिसले की आई म्हणायची, कूस बदलताना कठड्याला लागतं, आणि त्याला ते पटायचं. आता तो एकेक डाग बघायचा: जांभळा ताजा, हिरवट जुना, पिवळा विरत चाललेला. एकदा साबण लावता लावता त्याने अंगठा एका जांभळ्या डागावर ठेवला आणि दाबला. वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी नव्हती. ओळख होती. 'तूही का', असं नव्हे. 'तू माझाच', असं काहीतरी. त्याने घाईघाईने पाणी ओतलं.

मग ती सकाळ आली. सुट्टी होती, खिडकीतून स्वच्छ उजेड पडला होता, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. तो वडिलांची दाढी करत होता, त्यांच्याच जुन्या वस्तऱ्याने. त्यांना दुसरं पातं आवडत नसे. आई शेजारी पाण्याची वाटी धरून उभी होती. तो कसलाच विचार करत नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं. फेसातून पातं सरसर चाललं होतं आणि दारातल्या उन्हात पडलेला मुक्या उठला. अंग झाडलं नाही, आळस दिला नाही. उठला, पलंगाखालून कडं उचललं आणि चालत कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वस्तरा हातात धरूनच त्याने प्रथम आईकडे पाहिलं. तिच्या हातात वाटी होती, दोन्ही हात गुंतलेले. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मग त्याने वडिलांकडे पाहिलं, आणि त्यांच्या गळ्यावर आपला हात दिसला. डाव्या हाताचा अंगठा त्यांची हनुवटी वर रेटत होता, मान मागे ताणलेली, शिरा वर आलेल्या. पातं हलत नव्हतं. ते एका जागी टेकलेलं होतं आणि आत चाललं होतं, आणि पांढऱ्या फेसातून एक तांबडा धागा खाली उतरत होता. हे कधी सुरू झालं, त्याला ठाऊक नव्हतं. कुत्र्याला ठाऊक होतं. तो ओरडायची वाट बघत नव्हता, हात उगारायची वाट बघत नव्हता. माणसाला स्वतःला कळायच्या आधीच त्याला कळायचं, आणि कळलं की तो आपलं तोंड भरून घ्यायचा. त्याचा हात थिजला. वडिलांनी डोळे मिटले. खाली गाडीवर पाण्याचा फवारा आदळत होता.

"थांबलास का?" आईने विचारलं.

अगदी हळू, अगदी नेहमीसारखं. त्याच्या हातातून वस्तरा गळून चादरीवर पडला. तो उठला आणि कोपऱ्यात गेला. कुत्र्याच्या तोंडातलं कडं दोन्ही हातांनी धरून ओढू लागला. "भुंक," तो म्हणाला. "सोड ते. भुंक." जबडा सुटेना. तो ओढत राहिला, कुत्रा फरशीवरून त्याच्याबरोबर घसटत आला, पाय ताठ, डोळे पांढरे झालेले, तुटक्या सुळ्याच्या हिरडीतून रक्त यायला लागलं तरी तोंड मिटलेलंच. "भुंक की रे! तेव्हा का नाही भुंकलास? ती मेली ना तुझ्यासमोर! भुंक!" त्याने त्याच्या बरगडीत लाथ घातली. एक, मग दुसरी. बरगडीचा तो पोकळ आवाज त्याच्या पायातून मस्तकापर्यंत गेला आणि त्याला बरं वाटलं, म्हणून त्याने तिसरी घातली. कुत्रा कुशीवर पडला, पण आवाज नाही. आईने वाटी खाली ठेवली. "अरे, त्याला कशाला मारतोस?" ती कळवळून म्हणाली. "मुकं जनावर ते. त्याने काय केलंय तुझं?"

तिचा कळवळा खरा होता. तेच त्याला सोसलं नाही. तो दाराकडे गेला, दार सताड उघडलं आणि जिन्यात उभा राहून ओरडला. आधी शब्दच नव्हते, नुसता आवाज, त्याच्या अंगात आहे हे त्याला माहीत नसलेला, जाड, खरखरीत. मग शब्द आले. "या! कुणीतरी या! आमच्याकडे या!" त्या घराचं दार एवढ्या आवाजात प्रथमच उघडलं होतं. वरच्या मजल्यावरून कुणीतरी धावत आलं, खालून गाडी धुणारा ओल्या हातांनी आला, समोरच्या नर्सबाई चष्मा सावरत आल्या. त्यांनी वडिलांचा गळा पाहिला, फडकं दाबलं, आणि सदरा सैल केला तेव्हा बाकीचंही पाहिलं. नर्सबाईंनी मान वळवून त्याला विचारलं, "कोण मारतं ह्यांना?" आई खिडकीकडे बघत होती. तो म्हणाला, "आम्ही."

गळ्याची जखम वरवरची निघाली. इस्पितळातून वडिलांना परस्पर एका शुश्रूषागृहात हलवलं. पोलिसांत जायला नको म्हणून आत्याने पुढाकार घेतला, आणि जाताना त्याच्या तोंडावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं. ज्या दिवशी त्यांचं सामान न्यायला माणूस आला त्या दिवशी आईने पिशवी सोडली नाही. "माझा माणूस आहे तो," ती त्या परक्या माणसाला सांगत राहिली. "त्याचं सगळं मी केलंय. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही." तिची बोटं एकेक करून उकलावी लागली. ती त्यानेच उकलली, एकेक, दुखू न देता, आणि त्यातलं शेवटचं सोडवताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. तो आठवड्यातून एकदा तिकडे जातो. वडील खिडकीशी बसलेले असतात, केस वाढलेले आणि विस्कटलेले. तिथली मुलगी सांगते, बाकी सगळं करू देतात, विंचरायला गेलं की अंग चोरतात. तो त्यांच्यासमोर थोडा वेळ बसतो. क्षमा मागायला तो जात नाही, द्यायलाही नाही. बसून झालं की उठतो. मुक्याची बरगडी हळूहळू भरून आली. पुढचे कित्येक दिवस कुत्रा त्याच्या हातून खात नव्हता; वाटी ठेवून तो दुसऱ्या खोलीत गेला तर खायचा. त्याने ते मान्य केलं. ते योग्यच होतं.

घरात मात्र आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट समोर यायचं, पाणी यायचं, शब्द नाही. दुपारभर ती रिकाम्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून असायची, हात मांडीवर, तळवे वर केलेले. तिला काय हवंय हे त्याला कळत होतं, आणि ते देता येण्यासारखं नव्हतं. मग एके दुपारी ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत आली. इतक्या वर्षांत तिने ती खोली कधी पाहिली नव्हती. दारात उभी राहून तिने फळीवरचे प्लास्टरचे जबडे बघितले, ओळीने मांडलेले, वरचे, खालचे. "एवढी माणसं येतात तुझ्याकडे?" तिने विचारलं. ती बोलली म्हणून त्याच्या हातातलं मेण खाली पडलं. ती खुर्चीत बसली, डोकं मागे टेकवलं आणि तोंड उघडलं. त्याने दिवा जवळ ओढला. डावीकडच्या दाढा नव्हत्याच, वरच्याही आणि खालच्याही. ते त्याला ठाऊक नव्हतं. ती जेवायची नेहमी त्याच्यामागून, एकटी. किडून गेलेल्या दाताची जागा वेगळी दिसते. हे हाड एका ठिकाणी चिरलं होतं आणि कुणी न बसवता आपलं आपण वेडंवाकडं जुळलं होतं. त्याने बोटाने तो उंचवटा चाचपला. तिने डोळे मिटले नाहीत. "डॉक्टरांना बोलावतो," तो म्हणाला, "ठसा त्यांनीच घ्यायचा असतो." तिने मान हलवली. "दुसऱ्या कुणाचा हात तोंडात नको."

त्याने मिश्रण कालवलं, साच्यात भरलं आणि तिच्या जबड्यावर बसवून धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, उमासा आला, तिने त्याचं मनगट पकडलं. नखं रुतली, पण तिने हात ढकलला नाही, आणि त्यानेही काढून घेतला नाही. घट्ट झाल्यावर त्याने साचा सोडवला आणि उजेडात धरून बघितला. तिने चूळ भरली, पदराने ओठ टिपले, आणि त्याच्या खांद्यावरून वाकून ती आपल्या तोंडाच्या त्या उलट्या आकाराकडे बराच वेळ बघत राहिली.

"दिसायला कसेही असू देत," ती म्हणाली. "चावता आलं पाहिजे."

तो म्हणाला, येईल. आणि प्लास्टर भिजवायला घेतलं.